पटावरची माणसे

डोंबिवलीत राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या माणसाला रोज सकाळी एक गणित सोडवावे लागते. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलसाठी थांबावे, की कल्याणहून भरून येणाऱ्या फास्टमध्ये शिरण्याचा प्रयत्न करावा? पहिल्या गाडीत बसायला मिळण्याची आशा असते, म्हणून तिच्यासाठी फलाटावर गर्दी जास्त. शिवाय कोपर-दिव्याची काही मंडळी डाउन गाडीने उलटी येऊन तिच्यात आधीच बसलेली असतात. दुसरीत उभे राहायला मिळाले तरी भाग्य, पण वेळ वाचतो. काल अमुक गाडी बरी होती म्हणून आज तीच धरावी, तर कालची ती गाडी पाहिलेले आणखी शेकडो जण आज तिच्यासाठी उभे असतात. गाडी 'बरी' असणे हे अर्थात सापेक्ष आहे. रेल्वेच्या परिभाषेत ज्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, त्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसे मोजली जातात.

या गणिताला अर्थशास्त्रात नाव आहे, हे मला बरेच उशिरा कळले. ब्रायन आर्थर या अर्थशास्त्रज्ञाने १९९४ साली ते अमेरिकेतल्या सांता फे या गावच्या 'एल फरोल' नावाच्या मद्यालयाच्या निमित्ताने मांडले. गुरुवारी रात्री तिथे आयरिश संगीत असते. गावातल्या १०० जणांना जायचे आहे. ६० पेक्षा कमी लोक आले तर मजा येते, जास्त आले तर घरी बसलेले बरे. कोणी कोणाशी बोलत नाही. मागच्या काही गुरुवारी किती लोक आले होते एवढेच सर्वांना ठाऊक. यातली गोम अशी, की सर्वांना पटेल असा अंदाज इथे बांधताच येत नाही. 'आज गर्दी होणार' हे सगळ्यांना पटले तर कोणीच जाणार नाही आणि अंदाज खोटा ठरेल. 'आज गर्दी नाही' हे पटले तर सगळेच जातील आणि तोही खोटा ठरेल. आर्थरने संगणकात १०० काल्पनिक माणसे घेतली आणि प्रत्येकाला अंदाज बांधण्याच्या काही रीती दिल्या. कोणी मागच्या आठवड्याचाच आकडा पुन्हा येईल असे धरतो, कोणी चार आठवड्यांची सरासरी काढतो, कोणी दोन आठवड्यांपूर्वीचे आठवतो. जी रीत अलीकडे बरी ठरली ती वापरायची, एवढाच नियम. कोणी न ठरवता, कोणी न सांगता, सरासरी उपस्थिती साठाच्या आसपास येऊन स्थिरावली. कोण जातो आणि कोण घरी राहतो, हे मात्र सारखे बदलत राहिले.

या प्रश्नाचे एक भावंड आपल्याकडचे आहे. बिकास चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली कोलकात्याच्या जुन्या 'पैसे हॉटेलां'वरून ते मांडले. स्वस्त दरात जेवण देणारी १०० हॉटेले, प्रत्येकात एकाच माणसाचे जेवण, आणि जेवायला निघालेले १०० मजूर. दुपारच्या सुट्टीत एकाच ठिकाणी जाता येईल इतकाच वेळ. प्रत्येकाने मनाला येईल ते हॉटेल निवडले तर साधारण ६३ जण जेवतात आणि ३७ जण उपाशी राहतात, तेव्हा शहरात ३७ थाळ्या तशाच पडून असतात. मला या उदाहरणाने जरा अस्वस्थ केले. यात आळशी, मूर्ख किंवा दुष्ट कोणीच नाही. अन्नही पुरेसे आहे. तरी एक तृतीयांशाहून अधिक लोक उपाशी.

अशा रीतीने समाजाचा अभ्यास करण्याला इंग्रजीत जे नाव आहे त्याचे शब्दशः मराठी 'एजंट-आधारित' असे होईल. पण आपल्या कानाला एजंट म्हटले की विम्याचा, पासपोर्टचा किंवा जागेचा एजंट आठवतो. (जागेचा एजंट या लेखात पुढे येणार आहे.) मी माझ्यापुरता त्यासाठी 'पात्र' हा शब्द वापरते. संगणकात पात्रे निर्माण करायची; प्रत्येकाला राहायला एक जागा, थोडी स्मृती आणि वागण्याचे एक-दोन नियम द्यायचे; मग घड्याळ सुरू करून काय घडते ते पाहायचे. वरून समीकरण लादायचे नाही. समूहाचे जे काही रूप दिसेल ते खालून, पात्रांच्या परस्परव्यवहारातून उगवले पाहिजे. जोशुआ एप्स्टाइन आणि रॉबर्ट अ‍ॅक्स्टेल यांनी १९९६ साली साखरेचे ढीग असलेल्या एका काल्पनिक भूमीवर अशी पात्रे सोडली, तेव्हा साखर शोधणे आणि खाणे एवढ्याच नियमातून काही काळाने संपत्तीची तीव्र विषमता तयार झाली.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात परके वाटण्यासारखे फारसे नाही. एमिल झोलाने १८८० साली कादंबरीला प्रयोग म्हटले होते. वैद्यकातल्या क्लोद बर्नारच्या प्रयोगपद्धतीवरून त्याने हा विचार घेतला: विशिष्ट स्वभावाचे पात्र विशिष्ट परिस्थितीत ठेवा आणि पुढे काय होते ते नोंदवा. त्यावर तेव्हाच आक्षेप असा आला, की लेखणी झोलाच्याच हातात असल्यामुळे निष्कर्षही त्याचाच. याला प्रयोग कसे म्हणावे? संगणकाने या आक्षेपाला अर्धे उत्तर दिले आहे, असे मला वाटते. नियम लिहून झाले की पात्रे लेखकाच्या हातून सुटतात आणि शेवट त्यालाही आधी ठाऊक नसतो. उरलेल्या अर्ध्याचे काय, म्हणजे नियम कोणी लिहिले आणि पट कोणी आखला, हा प्रश्न मात्र झोलाच्या वेळी होता तिथेच आहे.

या पद्धतीचे मला पटलेले मोठेपण हे, की ती पात्रांना उगाच दोष देत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान धावत्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले आणि त्या दिवशी चार जणांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चर्चेत, आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा, पहिले वाक्य हेच होते: लोक दारात लटकतात कशाला? आर्थरच्या पटावर हा प्रश्न फार काळ टिकत नाही. दारात उभा असलेला माणूस आपल्यासारखाच कालच्या गर्दीवरून आजचा अंदाज बांधून आलेला असतो. त्याचा अंदाज चुकतो, कारण हजारो जणांचे अंदाज एकमेकांवर अवलंबून असतात आणि त्यातले काही रोज चुकणारच. कार्यालये एकाच वेळी उघडतात, गाड्यांची संख्या ठरलेली असते, घरे पूर्वेकडे वाढत जातात. या तीन गोष्टी पटाच्या आहेत, पात्राच्या नाहीत. अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे बसवण्याचे जाहीर केले. दार बंद झाल्यावर जे फलाटावर उरतील ते कोणत्या गाडीकडे वळतील, त्या गाडीचे काय होईल, फलाटावर किती माणसे साचतील, हे अगोदर पाहायचे असेल तर अशा पात्रांचाच पट मांडायला हवा.

गर्दीतही नियम उगवतात, हे जाता जाता सांगावेसे वाटते. महिलांच्या डब्यात शिरल्याबरोबर बसलेल्या बाईला 'कुठे उतरणार?' असे विचारायचे, तिने 'घाटकोपर' म्हटले की ती जागा आपली. आणि ती बाई उठताना दुसरी कोणी मध्ये शिरू लागली, तर तीच बाई आपली साक्ष देते. हा करार कोणी केला, कधी केला? कुठेही लिहिलेला नाही, कोणतीही शिक्षा नाही, तरी वर्षानुवर्षे पाळला जातो. रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी सहकार्य कसे उत्पन्न होते याचा शोध १९८४ च्या पुस्तकात संगणकीय स्पर्धेच्या साहाय्याने घेतला, तेव्हा त्यांना सापडलेली मुख्य अट अशी होती, की त्याच माणसांची पुन्हा पुन्हा गाठ पडली पाहिजे. रोजच्या गाडीचा रोजचा डबा ही अट चांगलीच पुरी करतो.

आपल्या भागात या पद्धतीचा सर्वांत मोठा प्रयोग २०२० साली झाला. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या संशोधकांनी करोनाच्या साथीसाठी मुंबईचे एक संगणकीय प्रतिरूप तयार केले. महापालिकेच्या २४ वॉर्डांतले सुमारे सव्वा कोटी कृत्रिम मुंबईकर त्यात होते. प्रत्येकाला घर, वय, शाळा किंवा कामाचे ठिकाण दिलेले होते, आणि वस्ती झोपडपट्टीची आहे की इतर, याचीही नोंद होती. कार्यालये किती प्रमाणात उघडावीत, लोकल सुरू केल्या तर संसर्ग किती वाढेल, असे प्रश्न त्या पात्रांना विचारले गेले. हे काम मला मनापासून आदराचे वाटते. जिवंत माणसांवर जे करून पाहणे अमानुष ठरले असते, ते त्यात कागदी माणसांवर करून पाहता आले. जुलै २०२० मध्ये याच टाटा संस्थेच्या सहभागाने माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले, त्यात झोपडपट्टीतल्या ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे आढळली. एकाच शहरात दोन साथी चालू होत्या, असे म्हणण्याइतका हा फरक आहे. म्हणजे घरांचा भेद प्रतिरूपात घालणे योग्यच होते.

तरी भाषेच्या शिक्षकाला एक सवय असते, ती शब्दाशी अडखळण्याची. अशा प्रतिरूपांत निर्बंध किती जण पाळतील याचा एक आकडा घालावा लागतो, त्याला 'अनुपालन' म्हणतात, आणि झोपडपट्टीसाठी तो कमी धरला जातो. आकडा बरोबर असेल. पण दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण आणि गल्लीत सामायिक शौचालय असताना घरात न थांबणे याला 'पालन न करणे' म्हणायचे का? खोलीचा गुण इथे माणसाच्या खात्यावर जमा झाला. संगणकाला त्याने काही फरक पडत नाही, उत्तर तेच येते. वाचणाऱ्याला मात्र पडतो.

दुसरी गोष्ट सीमेची. २४ वॉर्डांच्या त्या पटावर डोंबिवलीचा रहिवासी रहिवासी म्हणून नव्हता, कारण मुलुंडच्या पुढे मुंबई महापालिका संपते. प्रतिरूपाला कुठेतरी थांबावे लागतेच, ही तक्रार नव्हे. पण त्या वर्षी आमच्या शहराची अवस्था नेमकी हीच होती. मे महिन्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने, मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी ८ मेपासून तिकडेच राहावे, असा आदेश काढला होता. त्यात परिचारिका आणि बेस्टचे वाहकही आले. विरोध इतका झाला की तो अमलात येऊ शकला नाही. मुंबईच्या पटाबाहेरचा आणि डोंबिवलीच्या पटावर नको असलेला, असा तो माणूस काही दिवस दोन्ही आकडेमोडींच्या मधल्या खाडीत उभा होता.

हे सारे मला ज्या पटाकडे न्यायचे आहे तो मात्र जुना आहे आणि त्याला संगणकही लागत नाही. थॉमस शेलिंग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात शहरांतल्या वर्णभेदी वस्त्यांचा विचार केला. पट घ्या, दोन प्रकारची नाणी त्यावर मिसळून ठेवा, काही घरे रिकामी सोडा. प्रत्येक नाण्याची अपेक्षा माफक आहे: शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. नसतील तर ते नाणे उठून जवळच्या समाधानकारक रिकाम्या घरात जाते. मी हे बुद्धिबळाच्या पटावर एक आणि दोन रुपयांच्या नाण्यांनी करून पाहिले आहे. वाचकांनीही पाहावे, अर्धा तास पुरतो. नाणी मिसळलेली राहत नाहीत. एकीकडे एक रुपयांचा मोहल्ला होतो, दुसरीकडे दोन रुपयांचा. संगणकावर हाच खेळ ३० टक्क्यांच्या अपेक्षेने खेळला तर शेवटी सरासरी ७० टक्क्यांहून अधिक शेजारी स्वजातीय निघतात. एकाही नाण्याला हे नको होते. शेलिंगला २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते मुख्यतः संघर्ष आणि सहकार्याच्या विश्लेषणासाठी, पण समाजशास्त्रात त्याचे नाव या नाण्यांमुळेच घेतले जाते.

हा खेळ वर्गात दाखवला की मुले खूश होतात, आणि मला थोडी धास्ती वाटते. लोकलच्या दारात लटकणाऱ्याला ज्या युक्तिवादाने निर्दोष ठरवले, तोच युक्तिवाद इथे इमारतीतल्या सगळ्यांना निर्दोष ठरवतो. कोणाचाच तसा हेतू नव्हता, फक्त थोडी आवड होती, बाकी सगळे आपोआप झाले! डोंबिवली, ठाणे, कल्याण इथे भाड्याने घर शोधलेल्या कोणालाही विचारा, आपोआप किती होते ते. फोनवर एजंट आधी आडनाव विचारतो. आडनावावरून काही कळले नाही तर गाव विचारतो. मग 'सोसायटी व्हेज आहे, चालेल ना?' असे विचारतो, आणि तोपर्यंत पाहायला बोलावलेली जागा 'कालच गेली' असते. माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेची अशी चार घरे एका महिन्यात 'कालच गेली'. शेलिंगच्या पटावर कोणतेही नाणे कोणत्याही रिकाम्या घरात जाऊ शकते. एजंट-आधारित म्हणवणाऱ्या त्या प्रतिरूपात आमचा हा एजंट कुठेच नाही, सोसायटीचे 'ना हरकत' पत्र नाही, आणि कायदाही नाही. कायदा तर आहे: अहमदाबादच्या झोरोअ‍ॅस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारी पोटनियमातली तरतूद ग्राह्य धरली. (नोबेलचे आणि या निकालाचे वर्ष एकच, हा निव्वळ योगायोग.)

मग यंत्रणेचा विचार सोडून पुन्हा एकेका खलनायकाचा शोध घ्यायचा का? इथे मला एका मराठी माणसाने शेलिंगच्या ५५ वर्षे आधी लिहिलेल्या निबंधाची मदत होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर एक निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच जातींची 'यंत्रणा' हा शब्द आहे. जातीचे मर्म स्वगटातच विवाह करण्यात आहे, असे ठरवून ते एका बंद गटाचे गणित मांडतात. स्त्री-पुरुषांची संख्या सारखी ठेवली तरच गट बंद राहील. मृत्यू मात्र जोडीने येत नाही. नवरा गेला तर एक स्त्री 'अधिक' होते, बायको गेली तर एक पुरुष. या अधिक माणसांचे काय करायचे, या प्रश्नातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तिन्ही उत्तरे ते जवळजवळ हिशेबासारखी काढून दाखवतात. मग हे एका गटातून साऱ्या समाजात कसे पसरले? जाती मनूने घडवल्या, हे ते साफ नाकारतात. एका माणसाने कायदा करून एवढी रचना उभी राहत नाही. गाब्रिएल तार्दच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेऊन ते म्हणतात, की पुरोहितवर्गाने आधी स्वतःला बंद करून घेतले, जवळच्यांनी त्याचे अनुकरण केले, आणि उरलेल्यांच्या तोंडावर दारे लागल्यामुळे तेही बंद गट झाले.

हे शब्दशः एक प्रतिरूप आहे. पात्रे आहेत, नियम आहे, अंतरानुसार कमी होत जाणारे अनुकरण आहे, आणि खालून उगवणारी रचना आहे. पण शेलिंगपेक्षा त्यात एक गोष्ट अधिक आहे: सगळी पात्रे सारखी नाहीत. काही दार लावू शकतात, काहींवर ते लावले जाते. यंत्रणा मान्य करूनही आंबेडकर कोणाला मोकळे सोडत नाहीत, ते या एका भेदामुळे. पुढच्याच वर्षी, १९१७ साली, बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेलेल्या याच विद्वानाला राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून काढलेले थोडे दिवस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. त्यांनी ते पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी १८९० नंतर 'करमणूक'मधून क्रमशः आली. यमूचे केशवपन होते तिथे वर्गात आजही शांतता पसरते. आपट्यांनी एका 'अधिक' स्त्रीला तोंड दिले, बोलणे दिले. पंचवीसेक वर्षांनी आंबेडकरांनी ती अधिक का ठरली याचा हिशेब मांडला. या दोन ग्रंथांना एकत्र वाचण्याची पद्धत आपल्या अभ्यासक्रमांत नाही. शंकरमामंजी दुष्ट आहे, एवढ्यावर विद्यार्थ्याचे उत्तर संपते आणि त्याला गुणही मिळतात. निबंध एकटा वाचणाऱ्याला उलट यमू दिसतच नाही, दिसते ती एक संख्या. मला दोन्ही एकाच तासाला हवे असतात, आणि दोन-तीन वर्षे मी तसे करते आहे.

यंदा तृतीय वर्षाच्या मुलांपैकी दोघांनी शेलिंगचा पट संगणकावर लिहून आणला. नाण्यांची आवड आम्ही शून्य केली, म्हणजे कोणालाही कोणाच्याही शेजारी चालते. आणि काही घरे एका प्रकारच्या नाण्यांना बंद केली. अर्थातच ती नाणी उरलेल्या घरांत गोळा झाली. यात नवल नाही. नवल हे, की दूरून पाहिले तर हा पट आणि शेलिंगचा मूळ पट यांतला फरक पटकन ओळखू येत नाही. मग आम्ही अनुकरणाचा नियम घातला: शेजारची दोन घरे बंद असतील तर आपलेही बंद करायचे. आता सुरुवातीला कोणती घरे बंद धरायची, हे ठरवायचे आहे. एक मुलगा म्हणतो, संगणकाला यदृच्छेने निवडू द्यावे, तेच शास्त्रीय. मुलगी म्हणते, मॅडम, ती यदृच्छेने नव्हतीच बंद झाली. कार्यक्रमातली तेवढी एक ओळ सध्या रिकामी आहे आणि दोघांचे भांडण गेले दोन शनिवार चालू आहे.